खिळे

बाईंनी मागितला होता फळा,
तो चिठ्ठीत गेला दुसऱ्या अपक्षाला.
बाईंना मिळालं एअर कंडिशनर.
तहसीलच्या पायऱ्या उतरताना हसत सुटल्या :
"इस्तारी, आता लोकांना कसं सांगू रे?
रात्री लाइट नसते, अन् मी मत मागते एसीवर."

मी त्यांचा विद्यार्थी. चौथी अ.
ब नव्हतीच आमच्या शाळेत,
पण बाई म्हणायच्या,
अ लिहिला की ब ची वाट पाहता येते.

आता माझा ऑटो, वर एक भोंगा,
मागच्या सीटवर वलथरे बाई,
निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना
राजीनामा देऊन बसलेल्या,
मांडीवर पक्षी मोजायची वही.
प्रचार थांबवून त्या भोंगा बंद करायला सांगत :
धानाच्या बांधीत सारस उतरलाय,
त्याला आपलं चिन्ह कळून काय उपयोग.

पहिली सभा चिचटोल्याला, तलावाच्या पाळीवर.
अठरा माणसं, त्यात सात ढिवरांची पोरं
आणि एक बकरी, जी पत्रक खात होती.
बाईंनी सडक काढली नाही,
सभामंडप काढला नाही.
"या तलावात देवधान व्हायचं," म्हणाल्या,
"कोणी कोणी खाल्लंय?"
एका म्हातारीनं हात वर केला,
तिचा हात बघून दुसरीनं.
"आता पाऊण तलाव बेशरमानं धरलाय.
निवडून आले तर उपटीन.
नाही आले तरी उपटीन,
मग मात्र तुम्हाला यावं लागेल."
मागून आवाज आला :
"बाई, बेशरम तं दर हिवाळ्यात
नागपूरले येते जी, तिथूनच सुरू करा!"
सगळ्यात जास्त बाईच हसल्या.

सडकेच्या दोन्ही अंगांना
मोह, चिंच, कडुलिंब, येन.
प्रत्येकाच्या छातीवर एक हसरा चेहरा,
चार कोपऱ्यांत चार खिळे.
बाईंकडे पक्कड होती, बापाची,
डोंगा दुरुस्त करायची.
एकेक खिळा निघताना
कुई आवाज करायचा, पिल्लासारखा.
मग त्या थुंकीनं बोट ओलं करून
ओली माती लावायच्या भोकाला.
खिळे लोणच्याच्या बरणीत.

तिसऱ्या दिवशी नोटीस. आचारसंहिता.
साहेब म्हणाले, दुसऱ्याचे पोस्टर फाडता?
बाईंनी पिशवीतून घडी काढली,
इस्त्री केल्यासारखी.
"मोजून घ्या, एकही फाटला नाही.
खिळे देणार नाही साहेब.
झाडं तक्रार करू शकत नाहीत,
त्यांची एवढी फाइल माझ्याकडे राहू द्या."
साहेबांनी बरणी हलवून पाहिली,
चहा मागवला,
आणि नोटीस दिलीच.

मतदानाच्या आदल्या रात्री
आमच्याही घरी पाकीट आलं.
बायकोनं पिठाच्या डब्यात ठेवलं.
मी बाईंना बोललो नाही.
सकाळी ऑटोत पेट्रोल भरलं त्यातूनच,
आणि त्यांनाच बूथवर सोडलं.

निकाल दुपारी दोनला.
आमच्या बूथवर एक्केचाळीस.
सगळे मिळून दोन हजार एकशे सहा.
डिपॉझिट गेलं.
चौकात डीजे, गुलाल,
आमच्या वर्गातला मारोती जिंकलेल्या गाडीच्या टपावर,
बाईंना बघून एकदम खाली बसला.

संध्याकाळी ऑटो पाळीशी उभा केला.
बाईंनी पदरावर बरणी ओतली, मोजली.
"तीनशे बारा. बूथच्या मतांपेक्षा
खिळेच जास्त निघाले रे."
मी म्हटलं, बाई, मी तुम्हालाच...
"मी विचारलं का?"

मग त्या उठल्या,
शेवटच्या मोहाशी गेल्या.
सालीत एक खिळा होता, आत गेलेला,
झाडानं ओठ मिटावे तसा गिळलेला,
कुठल्या निवडणुकीचा, कोण जाणे.
पक्कड लावली, काढली.
"हा राहू दे. याला ओढलं तर जास्त दुखेल."

अंधार पडत होता.
पाण्यात गुडघाभर उभं राहून
दोन म्हाताऱ्या बेशरम उपटत होत्या,
फार नाही,
चुलीपुरता.